साडेसात ग्रॅमची घडणावळ

"सव्वाआठ ग्रॅमच्या वर वजन, त्यात शुद्ध सोनं साडेसात ग्रॅम. मग एवढे पैसे कसले गं? घडणावळ किती लावली त्याने?"

फोटो पाठवल्यावर लगेच आईचा फोन आला होता. वजन, कस, मजुरी, घट एवढं कळलं की कुठल्याही दागिन्याचा हिशेब ती तोंडी मांडते. मी दाखवत होते तो मात्र दागिना नव्हता. १८४७ सालचं पाच डॉलरचं अमेरिकन नाणं होतं ते. आकाराने आपल्या हल्लीच्या रुपयाएवढं, नव्वद टक्के सोनं आणि दहा टक्के तांबं. म्हणजे एकवीस कॅरेटच्या जरा वर, आईच्या लेखी बावीससुद्धा नाही.

"आणि उद्या मोडायला नेलंस तर?"

मोडायला नेलं तर सोन्याचे येतील, बाकीचे बुडाले.

"मग तू पैसे कशाचे दिलेस?"

फोनवर दोन वाक्यांत देता येईल असं याचं उत्तर नव्हतं. पण प्रश्न नेमका होता. या नाण्यांची किंमत ठरते ती अशाच कुणीतरी, कधीतरी विचारलेल्या 'मोडलं तर किती येतील' यावरून.

मी नॉर्थ कॅरोलायनात शार्लटला राहते. इथली मराठी माणसं बहुतेक बँकांच्या संगणकांपायी आलेली. गणपती, दिवाळी अंक, मुलांची मराठी शाळा असं सगळं यथासांग चालतं. शहराच्या मधोमध, ज्याला इथे 'अपटाउन' म्हणतात, तिथे फुटबॉलच्या स्टेडियमला लागून मिंट स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. मिंट म्हणजे टाकसाळ. मी कितीतरी वर्षं त्या रस्त्याने गाडी नेली, पण कुठली मिंट, कुणाची मिंट, हा विचार कधी डोक्यात आला नाही. याच भागात जमिनीखाली सोन्याच्या खाणी होत्या, हे तर आणखी पुढे कळलं. अमेरिकेतलं सोनं म्हटलं की आपल्याला कॅलिफोर्निया आठवतो. पण या देशातली सोन्याची पहिली धावपळ इथे, कॅरोलायनात झाली, कॅलिफोर्नियाच्या कितीतरी आधी.

सुरुवातीची गोष्ट तर अशी, की रचून सांगितली तर कुणी विश्वास ठेवणार नाही. जॉन रीड हा जर्मन माणूस. इंग्रजांच्या बाजूने लढायला आणलेल्या भाडोत्री सैन्यातून पळाला आणि शार्लटच्या पूर्वेला शेती करून राहिला. १७९९ साली एका रविवारी त्याचा बारा वर्षांचा मुलगा कॉनराड, चर्चला न जाता, लिटल मेडो क्रीक नावाच्या ओढ्यावर मासे मारायला गेला आणि एक पिवळा धोंडा घरी घेऊन आला. वजन सतरा पौंड, आपल्या मापाने पावणेआठ किलोच्या आसपास. घरात त्याचं काय करायचं कुणाला कळेना, म्हणून तीन वर्षं तो दार उघडं राहावं म्हणून दाराला लावून ठेवला होता. १८०२ साली फेएटव्हिलच्या एका जवाहिऱ्याने विचारलं, किती घेशील? रीडने भरपूर सांगतोय असं समजून सांगितलं, साडेतीन डॉलर. त्या सोन्याची किंमत हजार पटीने जास्त, म्हणजे ३,६०० डॉलरच्या घरात होती.

पुढच्याच वर्षी त्याच ओढ्यात अठ्ठावीस पौंडांचा गोळा सापडला. तो सापडला पीटर नावाच्या गुलामाला. रीडचं नाव आज त्या जागेला आहे, तिथे आता सरकारी स्मारक आहे, सहलीला आलेली मुलं पाण्यात थाळ्या हलवून सोन्याचे कण शोधतात. पीटरचं आडनावसुद्धा कुठे नोंदलेलं नाही. या भागातल्या बऱ्याच खाणींत खाली उतरणारी माणसं गुलामच होती. हे आधीच सांगून टाकते, कारण नाण्यांच्या सुरेख छापील कॅटलॉगांत ते सहसा येत नाही.

१८२८ पर्यंत अमेरिकेच्या टाकसाळीत आलेलं देशी सोनं म्हणजे नॉर्थ कॅरोलायनाचंच. पण टाकसाळ होती फिलाडेल्फियाला. खाणीतलं सोनं घोडागाडीने तिकडे न्यायचं, वाटेत लुटले जाल याची धास्ती, आणि नाणी हातात पडेपर्यंत महिने जायचे. मग स्थानिक लोक सोन्याची पूड कागदाच्या पुडीत किंवा पिसाच्या दांडीत भरून, तीच तोलून व्यवहार करत.

ही अडचण एका घड्याळजीने सोडवली. ख्रिस्टोफर बेख्टलर, हाही जर्मन. शार्लटच्या पश्चिमेला रदरफर्डटन गावात त्याने १८३१ साली स्वतःची खासगी टाकसाळ काढली. त्या काळी ते बेकायदा नव्हतं. अमेरिकेतला पहिला सोन्याचा एक डॉलर पाडला तो सरकारने नव्हे, या माणसाने. सरकारला त्यासाठी १८४९ उजाडावं लागलं. बेख्टलरची नाणी दिसायला अगदी सामान्य आहेत. देवी नाही, गरुड नाही. नुसती अक्षरं. पण ती अक्षरं आईला दाखवावीत अशी आहेत. त्याच्या पाच डॉलरच्या एका नाण्यावर स्वच्छ लिहिलंय, वजन १४० ग्रेन (सोनं तोलायचं तिकडचं बारीक माप), २० कॅरेट. शिवाय तारीख, १ ऑगस्ट १८३४. त्या तारखेपासून सरकारने सोन्याच्या नाण्यांचं अधिकृत वजन कमी केलं होतं, म्हणून आपला माल नव्या मापाचा आहे हे त्याने नाण्यावरच जाहीर केलं. हॉलमार्कची सक्ती आपल्याकडे २०२१ मध्ये आली. या घड्याळजीने कस आणि वजन दोन्ही ठोकून दिलं होतं, तेही कुणी न सांगता.

सरकार जागं झालं ते १८३५ साली. कायदा होऊन तीन शाखा टाकसाळी ठरल्या: न्यू ऑर्लिन्स, जॉर्जियातलं डलॉनेगा आणि आमचं शार्लट. शार्लट आणि डलॉनेगा या दोघींनी आयुष्यभर फक्त सोनं पाडलं, चांदी-तांब्याला हात लावला नाही. दोन्ही १८३८ साली सुरू झाल्या, दोन्ही यादवी युद्धात १८६१ साली बंद पडल्या, पुन्हा उघडल्या नाहीत. अवघी तेवीस वर्षं. त्यातही शार्लटच्या टाकसाळीला जुलै १८४४ मध्ये आग लागली आणि इमारत जळून गेली. ती पुन्हा उभी राहीपर्यंत १८४६ आलं. त्यामुळे शार्लटचं १८४५ सालचं नाणं जगात नाही. कुणी विकायला आणलं तर खोटं, यावर चर्चाच नको.

आता त्या १८४७ च्या नाण्याकडे येते. एका बाजूला स्वातंत्र्यदेवीचं डावीकडे पाहणारं तोंड, कपाळावरच्या पट्टीवर 'लिबर्टी', भोवती तेरा तारे. दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड, छातीवर ढाल, आणि गरुडाच्या पायाखाली एक बारीक इंग्रजी 'सी'. हेच शार्लटच्या टाकसाळीचं चिन्ह. त्याच वर्षी फिलाडेल्फियाने हेच नाणं नऊ लाखांहून जास्त पाडलं. त्यावर त्या जागी काही नाही. शार्लटने पाडली ८४,१५१. ठसे दोन्हीकडचे फिलाडेल्फियातच कोरलेले, वजन तेच, कस तोच. फिलाडेल्फियाचं साधारण नाणं सोन्याच्या भावाच्या आसपास मिळतं. 'सी' असेल तर त्याच्या दुप्पट-तिप्पट, आणि जपलेलं असेल तर त्याच्याही कितीतरी वर. शिवाय १८४७ हे शार्लटचं सगळ्यात मुबलक पाच डॉलरचं नाणं आहे. दुर्मिळांतलं सुलभ, म्हणूनच माझ्यासारख्या पगारदार बाईच्या आवाक्यात आलं.

भिंगाखाली ते काही रूपवान नाही. देवीच्या कानावरचे कुरळे केस सपाट आहेत. काही ताऱ्यांच्या मधल्या रेघा उठलेल्याच नाहीत. गरुडाच्या मानेखालची पिसं मिटल्यासारखी. पाहणाऱ्याला वाटतं, हातोहाती फिरून झिजलंय. काही झीज आहेच, पण सगळी झीज नाही. शार्लटला सोन्याच्या चकत्या ओबडधोबड व्हायच्या, ठसे थकेपर्यंत वापरायचे, आणि दाब पुरेसा बसायचा नाही. त्यामुळे बरीच नाणी जन्मतःच अशी पुसट. झीज आणि पुसट छाप यांतला फरक ओळखणं हीच या नाण्यांची खरी परीक्षा. उंच भाग झिजला असेल तर तिथला रंग बदलतो, तिथली मूळ चकाकी निघून जाते. छापच बसली नसेल तर भाग सपाट असतो, पण चकाकी शाबूत असते. नाणं दिव्याखाली हळूच फिरवायचं. त्या सपाट जागेवरून उजेडाची फीत न तुटता गेली तर ती झीज नव्हे. माझ्या नाण्यावर कानाजवळ ती फीत तुटते, ताऱ्यांवर तुटत नाही. याशिवाय रंग. कॅरोलायना-जॉर्जियाच्या सोन्यात मुळात चांदीचा अंश असतो, त्यामुळे काही नाण्यांना हलकीशी हिरवट झाक येते. आई म्हणाली असती, भेसळ आहे.

या पारखीचं आता आकड्यांत रूपांतर झालंय. विल्यम शेल्डन नावाच्या माणसाने १९४९ साली तांब्याच्या जुन्या सेंटांसाठी एक ते सत्तर अशी मोजपट्टी काढली. पुढे ती सगळ्याच नाण्यांना लागू झाली. १९८६-८७ पासून दोन मोठ्या कंपन्या नाणी तपासून, आकडा देऊन, प्लास्टिकच्या बंद पेटीत घालून देतात. तिला बाजारात 'स्लॅब' म्हणतात. साठ आणि त्याच्या वर म्हणजे न वापरलेलं. अठ्ठावन्न म्हणजे किंचित वापरलेलं. कागदावर एकसष्ट हा अठ्ठावन्नहून वरचा, आणि भावही वरचा. पण जरा जुन्या संग्राहकाला विचारा, तो दोन्ही हातात घेऊन बहुधा अठ्ठावन्न निवडेल. एकसष्टवालं नाणं वापरलं गेलं नाही हे खरं, पण पोत्यात इतर नाण्यांवर आपटून त्याच्या गालावर ओरखडेच ओरखडे. अठ्ठावन्नवालं कुणाच्या तरी खिशात थोडे दिवस राहिलं, एवढंच. मला ही आकड्यांची शर्यत फारशी मानवत नाही. एका आकड्यासाठी लोक स्लॅब फोडून नाणं पुन्हा पुन्हा तपासायला पाठवतात. शाळेत पेपर फेरतपासणीला टाकल्यासारखं. कधी वाढतोही आकडा.

माणसं सगळ्यात जास्त चुकतात ती 'किती पाडली' आणि 'किती उरली' यांत. १८२२ सालची पाच डॉलरची नाणी पाडली होती १७,७९६. आज माहीत आहेत ती तीन. त्यातली दोन वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत, तिसरं मार्च २०२१ च्या लिलावात ८४ लाख डॉलरना गेलं. उलट सॅन फ्रान्सिस्कोने १८५४ साली पाच डॉलरची पाडली फक्त २६८, आणि त्यातली चार माहीत आहेत. चौथं तर २०१८ मध्येच उजेडात आलं. मालकाने दाखवल्यावर बऱ्याच जाणकारांनी खोटं म्हणून बाजूला सारलं होतं. म्हणजे १७,७९६ पैकी तीन, आणि २६८ पैकी चार. बाकीची कुठे गेली?

१८२२ च्या नाण्यांचं उत्तर आईला लगेच पटेल. १७९२ च्या कायद्याने एक भाग सोनं बरोबर पंधरा भाग चांदी असा दर बांधून दिला होता. युरोपात तोच दर साडेपंधराच्या जवळ होता. म्हणजे अमेरिकेत सोनं स्वस्त. मग पाच डॉलरचं नाणं बाजारात खर्च कोण करणार? ते जहाजावर चढवून युरोपात न्यायचं आणि वितळवायचं, त्यात नफा. पुढे १८३४ मध्ये सरकारने दर सोळाला एक केला आणि नव्या नाण्यांतलं सोनं कमी केलं. आता जुन्या नाण्यात पाच डॉलरपेक्षा जास्त सोनं ठरलं. जी उरली होती तीही मुशीत गेली. कुणी वेडं नव्हतं. प्रत्येकाने अगदी शहाणपणाने, हिशेब करून नाणं मोडलं. ८४ लाख डॉलर मिळाले ते या सगळ्या शहाणपणातून निसटलेल्या एका तुकड्याला.

आणि मोठी मूस पेटली १९३३ साली. मंदीच्या ऐन भरात, ५ एप्रिलला अध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकूम काढला, लोकांनी आपल्याकडचं सोनं, नाणी, सोन्याच्या पावत्या बँकेत आणून जमा कराव्यात. भाव मिळणार औंसाला २०.६७ डॉलर. पुढच्या जानेवारीत सरकारने तोच भाव ३५ केला. ज्यांनी इमानदारीत सोनं दिलं त्यांच्या तोंडाचं काय झालं असेल ते सांगायला नको. जमा झालेली नाणी वितळवून लगडी केल्या. केंटकीतल्या फोर्ट नॉक्सच्या तिजोरीत अजूनही नव्वद टक्के कसाच्या लगडी आहेत. शुद्ध सोन्याच्या नाहीत, नव्वद टक्क्यांच्या. त्या म्हणजे तीच नाणी, त्यांच्यातल्या तांब्यासकट.

पण हुकुमात एक पळवाट होती. माणशी शंभर डॉलरपर्यंतची नाणी ठेवता येत, आणि दुर्मिळ, संग्राहकांच्या दृष्टीने विशेष मूल्य असलेली नाणी वगळलेली होती. तेव्हाचे अर्थमंत्री विल्यम वुडिन स्वतः नाण्यांचे नामांकित संग्राहक होते, अमेरिकेच्या प्रायोगिक नाण्यांवर त्यांनी पुस्तकही लिहिलं होतं. संग्राहकांमध्ये याचं श्रेय त्यांच्याच खात्यावर मांडतात. बरीच नाणी आधीच युरोपच्या बँकांत जाऊन पडली होती, तीही वाचली. पुढची कितीतरी दशकं ती थोडीथोडी परत येत राहिली. सामान्य अमेरिकन माणसाला सोनं मनासारखं बाळगायची मोकळीक मिळाली ती १९७४ च्या शेवटच्या दिवशी.

शार्लटमध्ये रूझवेल्टच्या त्या हुकुमाच्याच दिवसांत आणखी एक गंमत चालली होती. जुनी टाकसाळ १८६१ नंतर काही वर्षांनी सोन्याचा कस पाहायचं सरकारी कार्यालय झाली, १९१३ मध्ये तेही बंद पडलं. शेजारच्या पोस्टाला जागा हवी म्हणून १९३३ च्या सुमाराला ती इमारत पाडायला निघाले. गावातल्या काही लोकांनी ती घेतली, दगड-विटा हलवून शहराच्या दुसऱ्या भागात पुन्हा उभी केली, आणि १९३६ मध्ये तिथे राज्यातलं पहिलं कलासंग्रहालय उघडलं. मिंट म्युझियम. देशभर नाणी मुशीत जात होती त्याच दिवसांत शार्लटची नाणी जिथे घडली ती इमारत मोडीतून वाचवली जात होती.

हे वाचताना आपल्याकडचा सुवर्ण नियंत्रण कायदा आठवल्याशिवाय राहत नाही. १९६३ साली, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, चौदा कॅरेटच्या वरचे नवे दागिने करायला बंदी आली. किती सोनारांच्या भट्ट्या विझल्या. १९६८ मध्ये आणखी कडक कायदा झाला, लगडी बाळगायची सोय राहिली नाही. १९९० मध्ये तो रद्द झाला. चौदा कॅरेट हा आमच्या घरात अजूनही टोमणा आहे. कुणी नुसत्या गोड गोड गप्पा मारून गेलं की आई म्हणते, "चौदा कॅरेट."

आमच्या आजीची पुतळ्यांची माळ होती. पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचं डुकाट. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख, दुसऱ्या बाजूला येशू. शेकडो वर्षं ते सोनं व्यापारातून आपल्या किनाऱ्यावर येत राहिलं, आपल्या सोनारांनी त्याच्या नकला केल्या, आणि बायकांनी ते गळ्यात घातलं. आजीच्या माळेत अस्सल डुकाटं किती, नकली किती, कुणी पाहिलं नाही. आत्याच्या लग्नात ती मोडून पाटल्या केल्या. आत्याच्या पाटल्या पुढे मोडून तिच्या सुनेला काहीतरी झालं. याचं आमच्याकडे कुणालाही वाईट वाटलं नाही, मलाही वाटत नाही. सोनं आपल्याकडे असंच पुढे जातं. मुलीच्या अंगावर गेलं म्हणजे ते जगलं.

इथल्या बाजारात मात्र उलटा न्याय. पुतळीला कडी नसेल तर ती आपल्या काय कामाची? आणि या अमेरिकन नाण्याला कधीकाळी कुणी कडी डाखवून गळ्यात घातलं असेल, मग काढून जागा घासून साफ केली असेल, तर किंमत अर्ध्यावर येते. कडेला डाखाची किंचित खूण दिसली तरी स्लॅबवर आकडा मिळत नाही, नुसता शेरा मिळतो. चिंच लावून, दातमंजन लावून चकचकीत केलेलं नाणं तर संग्राहकाला पाहवत नाही. भारतातून येताना कुणीतरी लखलखीत केलेली एक गिन्नी इथल्या कॉइन शोमध्ये घेऊन आलं होतं. विक्रेत्याने ती सभ्यपणे वजनकाट्यावर ठेवली. त्यातच त्याचं मत आलं.

दुर्मिळपणा पक्का असतो, असंही नाही. 'सेंट्रल अमेरिका' नावाची बोट १८५७ च्या सप्टेंबरात, कॅलिफोर्नियाचं सोनं घेऊन न्यूयॉर्कला येताना, कॅरोलायनाच्या किनाऱ्यापासून दूर वादळात बुडाली. सव्वाचारशे माणसं गेली. सोनं बुडाल्याची बातमी न्यूयॉर्कच्या बँकांना आधीच सुरू झालेल्या घबराटीत आणखी भोवली. आपण १८५७ म्हटलं की मेरठ-दिल्ली म्हणतो, पण न्यूयॉर्कमध्ये ते साल बँका बुडाल्याचं म्हणून लक्षात आहे. १९८८ मध्ये सुमारे सव्वादोन किलोमीटर खोलीवर ती बोट सापडली. आतून १८५७ सालची सॅन फ्रान्सिस्कोची वीस डॉलरची नाणी पाच हजारांवर निघाली, ताज्या पाडलेल्या नाण्यांसारखी. सोन्याला समुद्र काही करत नाही. त्याआधी ते नाणं चांगल्या अवस्थेत मिळवायला लोक वर्षानुवर्षं थांबत. आता हवं तेव्हा मिळतं, फक्त भाव 'बोटीतलं' म्हणून चढा. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात एका जोडप्याला आपल्याच जागेत पुरलेले आठ डबे सापडले, आत १,४२७ नाणी. त्यांचं दर्शनी मूल्य २७,९८० डॉलर, बाजारात अंदाज एक कोटी डॉलरचा. शार्लटच्या नाण्यांसाठी असा डबा कुठे पुरलेला असेल का, हे इथले म्हातारे संग्राहक अर्धवट आशेने आणि अर्धवट भीतीने बोलतात. त्यांच्याकडे आधीपासून नाणी आहेत ना.

डलॉनेगाच्या नाण्यांना संग्राहक शार्लटपेक्षाही जास्त जपतात. मी त्यांतलं एकही घेतलेलं नाही. तिथलं सोनं चेरोकी लोकांच्या जमिनीत सापडलं, १८२८-२९ च्या सुमाराला. १८३० मध्ये तिथल्या मूळच्या लोकांना हुसकवायचा कायदा झाला. १८३२ मध्ये त्यांच्या जमिनी गोऱ्यांना सोडतीने वाटल्या. १८३८ च्या एप्रिलमध्ये डलॉनेगाला पहिली नाणी पडली आणि मे महिन्यात सैन्याने चेरोकींना घराघरांतून बाहेर काढायला सुरुवात केली. पश्चिमेकडच्या त्या पायपिटीत चार हजारांच्या आसपास माणसं मेली असं मानतात. १८३८ चं डलॉनेगाचं पाच डॉलरचं नाणं मी कॉइन शोमध्ये हातात घेतलंय. त्या वर्षी टाकसाळीचं अक्षर मागे नाही, पुढेच, तारखेच्या वर असायचं. नाणं देखणं होतं. मी ते परत ठेवलं. शार्लटचं सोनं तरी कुठे निर्दोष, असं कुणी म्हणेल, आणि पीटरचं नाव मीच वर घेतलंय. युक्तिवादात मी हरेन. तरी माझा हात तिकडे जात नाही.

सोन्याचा भाव चढला की कॉइन शोमध्ये एका कोपऱ्यात काटा लावलेलं टेबल असतंच. लोक आजोबांच्या पेट्या घेऊन येतात. मागच्या खेपेला माझ्या पुढे एक म्हातारे गृहस्थ होते, हातात जुना तंबाखूचा डबा, त्यात पाच डॉलरची नाणी. विक्रेता एकेक नाणं उचलायचा, समोरची बाजू पाहायचाही नाही, थेट उलटायचा आणि गरुडाच्या पायाशी भिंग लावायचा. अक्षर नसलं की नाणं वितळवायच्या ट्रेमध्ये. टक, टक, टक. एका नाण्यावर 'सी' निघाला, तसे आम्ही रांगेतले सगळे पुढे वाकलो. त्याने ते दिव्याखाली तिरपं धरलं. अक्षराच्या कडेला, जिथे ते पृष्ठभागातून सरळ उगवायला हवं, तिथे एक बारीक शिवण होती. फिलाडेल्फियाच्या साध्या नाण्यावर कुणीतरी केव्हातरी 'सी' चिकटवलेला. जुनी लबाडी आहे ही, चिकटवणाराही बहुधा कधीच गेला असेल. ते ट्रेमध्ये गेलं. मग एकावर 'डी' निघाला. म्हातारबाबांचे डोळे लकाकले, "डलॉनेगा?" विक्रेत्याने नाणं त्यांच्याकडे वळवून साल दाखवलं. १९०७. डलॉनेगा बंद पडून तोवर सेहेचाळीस वर्षं झाली होती. १९०६ पासून हेच अक्षर डेन्व्हरची टाकसाळ वापरते.

"डेन्व्हरही छान शहर आहे," विक्रेता म्हणाला, आणि नाणं काट्यावर ठेवलं.

म्हातारबाबांनी क्षणभर विचार केला, ते नाणं काट्यावरून उचललं आणि खिशात टाकलं. "हे राहू दे. बाकीच्यांचे किती झाले?"